व्हिसा उठला त्या दिवशी

प्रेमराजच्या स्टुडिओचा जिना मी पहिल्यांदा चढले ती भांडायला. त्याने काढलेले चार शेतकऱ्यांचे व्हिसाचे फोटो वकिलातीतून परत आले होते. कारण काय, तर कान दिसत नाहीत.

“त्यांचे कानच लहान आहेत, मॅडम,” तो म्हणाला आणि असा काही हसला की... पाकीट टेबलावर आपटायचं होतं, ते मी अलगद ठेवलं.

धुळ्यात बसस्टँडसमोर आमचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. शिरपूरकडचे चाळीस केळीवाले शेतकरी दूरच्या बेटांच्या देशात केळीच्या बागा बघायला निघाले होते आणि सगळ्यांचे व्हिसा माझ्या गळ्यात पडले होते. फोटोंचं काम आठवड्याचं. माझ्या फेऱ्या मात्र महिनाभर पुरल्या. कधी पाकीट विसरायचं, कधी साइज पुन्हा विचारायची... तोही बिचारा रोज नव्याने सांगायचा.

चाळिसांत अडले ते फक्त जीवराम आबा. फोटोला डोकं उघडं लागतं आणि आबा टोपी काढेनात.

“टोपी मयतमा काढतस,” ते म्हणाले. “मी आजून जित्ता शे.”

मी हात टेकले. प्रेमराजने आबांच्या गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं आणि मागे उभं राहून कात्री दोनदा वाजवली. न्हाव्यापुढे बसल्यावर काढतात तशी आबांनी सवयीने टोपी काढून मांडीवर ठेवली. कापड ओढलं, फोटो झाला, आबा पोट धरून हसले. मी मात्र त्याच्याकडे बघतच राहिले. म्हाताऱ्या माणसाचा मान राखून त्याला असं वळवता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. खोटं कशाला बोलू — त्याच क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले.

आणि पुढच्याच सोमवारी बातमी आली. दोन्ही देशांनी करार केला होता. इकडच्यांना तिकडे व्हिसा नको, तिकडच्यांना इकडे नको. मी लगेच आबांना फोन केला.

“कोनलेच इचारानं नही?” आबा हळूच म्हणाले. “त्या लोके बी माना मळामा असाच येतीन?”

“असेच येतील, आबा, तुमच्या मळ्यात.”

“मोठं मन शे, माय.”

मध्ये एवढा समुद्र, भाषा निराळी, देव निराळे, आणि दोन सह्यांनी दार सताड उघडलं होतं. जग असंही वागू शकतं, याचंच मला नवल वाटत राहिलं. मग एकदम लक्षात आलं. फोटो नकोत, म्हणजे आता जिनाही नको.

दोन दिवस मी ऑफिसच्या खिडकीतून त्याच्या जिन्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी चढलेच, रिकाम्या हातांनी.

“पाकीट?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग... काम काय होतं?”

“काही नाही. अशीच आले.”

त्याने कॅमेरा खाली ठेवला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“करार दोन्हीकडून असतो ना?” तो म्हणाला. “रविवारी मी येतो तुमच्या घरी, आईला घेऊन...”

आमच्याकडे लग्न ठरवताना आधी मुलाचा फोटो जातो, माणसं नंतर. त्यालाही ते आठवलं असावं.

“फोटो आधी पाठवू?”

“नको,” मी म्हणाले. “फोटोची अट उठली.”