मेंढरं बसली तिथं

हे घडलंय. गेल्या चैत्रात, भरदुपारी, कळंबच्या पलीकडच्या एका गावात. ऐकणारे पन्नास जण होते. विचाराल तर पन्नासच्या पन्नास 'नाही' म्हणतील. गावच तसलं.

यात्रेचा पहिला दिवस. बिरूतात्या नेहमीसारखे देवळातल्या माईकपाशी बसले. गावात कुणी गेलं, की भोंग्यावरून सांगायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे. यात्रेला मात्र ते गावाचा इतिहास सांगत.

"मेंढरं चालता चालता हितं बसली, ती उठंचनात. म्हणून हितं गाव वसलं. पयली हीर खांदली ती..."

खट्.

भोंगा बंद.

"तात्या, मेंढरं हाकला आता!" यात्रा कमिटीचा रणजित हसला. "पाव्हणं आल्यात."

सगळा मांडव हसला. ज्यांच्या आज्यानं मेंढरं राखली, ते सगळ्यात मोठ्यानं. आता त्यांच्या दारात ट्रॅक्टर, आणि लग्नपत्रिकेवर तलवार.

तात्यांनी माईक पुसून ठेवला. लेकीला म्हणाले, "वृषाली, चल. भूक लागली."

तिला त्यांना काही सांगायचं होतं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तात्या जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

भोंग्यावर कुस्त्या चालू होत्या. गावानं त्या थांबवल्या नाहीत. सगळ्यांची मरणं सांगणाऱ्याचं मरण कुणी सांगितलंच नाही.

दहाव्याला मंडळी देवळापुढं टेकली. दुःखापेक्षा चहाची वाट जास्त. रंगकामासाठी भोंगा उतरवून पायरीवर ठेवला होता. वायर गुंडाळलेली. वीजही सकाळपासून नव्हती.

आणि...

कुणीतरी खाकरलं.

भोंग्यातून.

मग... लांबून घंटा. मेंढरांच्या गळ्यातल्या. गावात वीस वर्षांपासून एकही मेंढरू उरलेलं नाही.

"...ती म्हाळसा धनगरणीनं. तुमच्या समद्यांच्या पणजीनं."

जिथं तुटलं होतं, तिथूनच पुढं.

रणजितच्या हातात नुकताच आलेला चहा धोतरावर सांडला.

"वारा हाय गं बाई, वारा," शेजारची चंद्राबाई पुटपुटली.

पिंपळाचं पान हलत नव्हतं.

"व्हय, वाराच!" सगळे एका सुरात म्हणाले. या गावाचं एकमत झालेलं वृषालीनं पहिल्यांदाच पाहिलं. पाच मिनिटांत अंगण रिकामं.

ती एकटीच उरली.

भोंग्यात... अजून श्वास चालू होता. ऐकायला थांबल्यासारखा.

ती पायरीवर बसली.

"तात्या," ती म्हणाली, "माझ्या सासरची माणसं मांडवात होती. मला लाज वाटली. भोंगा बंद कर म्हणून रणजितला मीच खुणावलं."