बुडालेल्या गाडीवाटेवर

काम तसं साधंच होतं. राहुरीकडच्या नव्या धरणावर साहेबांसाठी एक मोटरबोट आणली होती आणि ती काही केल्या पुऱ्या वेगानं पळत नव्हती. म्हणून नगरहून याकोब मिस्त्रीला बोलावलं. पंचविशीचा गडी. पाण्याच्या पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जे जे फिरतं ते ते दुरुस्त करायचा. साल त्र्याहत्तर, थंडीचे दिवस.

बोट चालवायला कारभारी नावाचा पन्नाशीचा माणूस होता. त्याचं गाव, जुनं पिंपळद, ह्याच पाण्याखाली गेलेलं. गेलेल्या जमिनीपायी ही नोकरी मिळालेली.

"मिस्त्री, चार वाजता साहेब येनार. आज बोट पळाली न्हाई तर ती जाईल माघारी अन् मी घरी. घर म्हंजी चार पत्रे. दुसरं काय न्हाई आता."

"पळंल बोट. तुमी नुसती ती बिडी पेट्रोलपासनं लांब धरा, नाना."

याकोबनं इंजिन काढलं, पाण्याच्या पिंपात टांगलं आणि दोरी ओढली. असं सुटलं की निम्मं पिंप कारभारीच्या धोतरावर. तरी याकोबनं प्लग पुसले, कार्बोरेटर फुंकला, पेट्रोलची नळी साफ केली, पंख्यात शेवाळ अडकलंय का ते बोटांनी चाचपलं. काही नाही. इंजिन ठणठणीत.

ते परत बोटीला लावलं आणि दोघं निघाले. दुपारचे दोन. वारा पडलेला. पाण्यावर साधी सुरकुतीसुद्धा नाही. खाली कुजणाऱ्या बाभळींचा आंबूस वास तेवढा येत होता. पहिला अर्धा मैल बोट झकास पळाली. मग पाण्यातून वर आलेले वाळके शेंडे लागले आणि तिथून इंजिन कण्हायला लागलं. आजारी इंजिन खोकतं. हे खोकत नव्हतं. उसाची गाडी चढाला लागल्यावर बैल जसे उसासतात ना, तसं...

याकोब कडेला वाकला. बोटीच्या अंगावर लाल पट्टा होता. धक्क्यावर तो पाण्याच्या चार बोटं वर होता. आता दिसतच नव्हता.

"नाना, ही बोट किती मानसांची?"

"आठ."

"आन् आपण किती?"

समोर बघत बघतच कारभारीनं मान जराशी कलती केली आणि कडेच्या पाण्याकडं तोंड करून हळूच पुटपुटला, "येताय का?"

बोट खाली गेली. धक्का नाही, लाट नाही... बैलगाडीच्या साटीवर कुणी अलगद टेकावं तशी.

"कुनाला इचारलं?"

"कुनाला न्हाई. सवय हाय." कारभारी ओशाळला. "खाली आमची गाडीवाट हुती, मिस्त्री. गाडी जुपून निघालं अन् वाटंला गावचं मानूस दिसलं, तर इचारल्याबिगर कसं जायाचं? त्वांडातनं जातंच."

"आता कोन दिसलं?"

"दिसत न्हाई कुनी. पर ह्या वळणाला रंगुबाई उभी असायची. म्होरं श्रीमंत कुंभार."

"ती दोघं कुठं असत्यात आता?"

"मेली की. धरनाच्या आधीच. जित्यांना सरकारनं उठवलं. मेल्याल्यांना कोन नोटीस देतंय?"

याकोब हसला असता. पण त्याची आई, मरिया, पिंपळदच्याच ख्रिस्ती कबरस्तानात होती; आसपासच्या सगळ्या गावांचं कबरस्तान ते एकच. पाणी चढायच्या आधी ज्यांना जमलं त्यांनी आपापली माणसं उकरून वर नेली, बाकीची तिथंच राहिली. याकोब तेव्हा पुण्यात काम शिकत होता. त्याला पत्र पोचलं तोवर कबरस्तानात पाणी पोचलं होतं.

"कबरस्तान कुठं आलं, नाना?"

"ह्या शेंड्यांच्या म्होरं. तितं मी कुनाला इचारत न्हाई. माझ्या वळखीचं कुनी न्हवतं."

बोट वळून परत धक्क्याला लागली. दोघंही हलले नव्हते, तरी उतरायची फळी सहा वेळा करकरली आणि प्रत्येक वेळी लाल पट्टा थोडा थोडा वर आला.

बिघाड पटला नाही तरी चालतो, सापडला की झालं. याकोबनं कारभारीच्या तोंडाला त्याचंच उपरणं बांधलं आणि परत एक फेरी मारली. बोट नुसती उडाली.

"झाली दुरुस्त. आता साहेबांसमोर त्वांड उघडायचं न्हाई."

"पर साहेबांनी काय इचारलं तर?"

"मान हलवा. साहेबांना तेच आवडतं."

साहेब बरोबर चारला आले. मधल्या फळीवर बसले, मांडीवर फाईल, हातात घड्याळ. "सात मिनिटांत पैलतीर. नाहीतर बोट परत."

कारभारी इंजिनापाशी, याकोब त्याच्या शेजारी. बोट सुटली. शेंडे आले. रंगुबाईचं वळण आलं, कारभारीनं ओठ असे आवळले की गाल फुगले. कुंभाराची जागा गेली. कारभारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द आला नाही. लाल पट्टा वर होता. इंजिन पुऱ्या गळ्यानं गात होतं. शेंडे मागं पडले.

आणि याकोबच्या तोंडून गेलं. ठरवून नाही. इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाही नीट ऐकू आलं नाही.

"आई... येतेस का?"

बोट बसली. इंजिनाचा आवाज उतरला.

साहेबांची नजर घड्याळावरच होती. एष्टीत शेजारी कुणी आलं की आपण सरकतो, तसे ते न बघताच वीतभर सरकले. याकोबनं त्या मोकळ्या जागेकडं बघितलं.

मग साहेब आणखी वीतभर सरकले.

कारभारीनं मान वळवली. आवळलेले ओठ सुटले. "मिस्त्री... किती जनांना इचारलं?"

"एकीला."

"नाव घिऊन?"

याकोबनं नाव घेतलं नव्हतं. नुसतं आई म्हणाला होता, आणि त्या कबरस्तानात कितीतरी जणी कुणाच्या ना कुणाच्या आया होत्या. त्यानं कारभारीच्या हातातली इंजिनाची वेगाची मूठ शेवटपर्यंत पिळली. इंजिन कण्हलं. लाल पट्टा कधीच गेला होता, आता पाणी काठाला चाटत होतं. वळायला जागा होती, पण जड बोट वळेना.

"जरा बघून बसा हो..." साहेब घड्याळात बघतच कुणाला तरी म्हणाले आणि फाईल छातीशी धरली. फळी संपली होती. पलीकडं नुसतं पाणी होतं.

साहेब सरकतच होते.