हजेरीतलं 'हाय'

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही मी तसंच सांगते, फक्त पूर्वीसारखं ठासून सांगवत नाही.

खाली लिहिलेलं सगळं माझ्यासोबत घडलंय. गेल्या वर्षी, मार्चअखेरीला, कराडात. यात काळोखी रात्र नाही. जे झालं ते सकाळी, लख्ख उजेडात झालं.

मी साक्षी. वेबसाइटची कामं करते, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते.

माझे चुलते हंबीरकाका सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या भागातल्या माजी सैनिकांसाठी इंटरनेटवर एक कट्टा सुरू केला. पेन्शनच्या अडचणी, जुने फोटो, कोण कुठल्या पलटणीत होता त्याच्या गप्पा. व्हॉट्सॲपचा काकांना राग. "तितं निस्ती फुलं येत्यात," म्हणायचे.

त्या कट्ट्यावर 'हजेरी' नावाचं एक पान होतं. रोज सकाळी सगळे तिथे एकच शब्द लिहायचे.

हाय.

गेल्या वर्षी कट्ट्याचं जुनं सॉफ्टवेअर मोडकळीला आलं. सर्व्हरवाल्यांनीही कळवलं, एकतीस मार्चला बंद करतोय, सामान हलवा. काकांनी काम माझ्या गळ्यात घातलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

महिनाभर नोकरी सांभाळून मी तेच करत होते. जुनी अक्षरं नव्या ठिकाणी आली की नुसते चौकोन दिसायचे. फोटो गायब व्हायचे. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडायचं. जीव मेटाकुटीला आला होता.

त्यात ते हजेरीचं पान. एक लाख शहाऐंशी हजार वेळा 'हाय'.

मला वाटलं, हाय-हॅलोमधलं हाय. म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही.

मी तो सगळा ढीग बाजूला काढला आणि नवीन कट्ट्यावर नेलाच नाही. शिवाय नव्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा एक नियम होता. वीस अक्षरांपेक्षा लहान मजकूर ते घेत नाही. मी म्हटलं, बरंच झालं.

शुक्रवारी दुपारी नवा कट्टा सुरू केला. फोन बंद केला. आणि शनिवार-रविवार मेल्यासारखी झोपले.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला चहा घेऊन बसले. नाकारलेल्या मजकुराची यादी उघडली.

शनिवारी सकाळी चाळीसेक जणांनी 'हाय' लिहून पाहिलं होतं. एकदा, दोनदा. 'मजकूर फार लहान आहे' असं उत्तर आल्यावर सगळ्यांनी नाद सोडला होता.

एक सोडून.

नाईक आकाराम. नाईक हा त्यांचा फौजेतला हुद्दा. शनिवारी सहा वाजून बारा मिनिटांनी, हाय. सहा सोळाला, हाय. सहा वीसला, हाय…

दर चार मिनिटांनी.

शनिवारी दिवसभर. रात्रभर. रविवारी दिवसभर…

शेवटचं आत्ताचंच होतं. नऊ बावन्नचं. मी बघत असताना त्याखाली आणखी एक आलं. नऊ छप्पन्न.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. चीड आली. म्हटलं, म्हातारा हट्टी दिसतोय.

काकांना फोन लावला. "काका, आकारामअण्णांना जरा सांगा. नुसतं हाय लिहून चालत नाही. गुड मॉर्निंग वगैरे लिहायला सांगा मोठं."

"कुनाला?"

"आकारामअण्णांना. सारखं आपलं हाय, हाय. पोरासोरांसारखं."



काका हळू आवाजात म्हणाले, "साक्षे… ते विंग्रजी हाय न्हवं, पोरी. आपलं हाय. म्हंजी, मी हाय. जित्ता हाय."

मी यादीकडे पुन्हा बघितलं.

"निम्म्या लोकांची पोरं पुन्या-मुंबैला. घरात दुसरं मानूस न्हाई. सकाळच्याला हाय लिवायचं. धा वाजंपर्यंत न्हाई लिवलं तर जवळच्यानं जाऊन दार वाजवायचं. पंधरा वर्सं चाललंय ह्ये."

मी शाळेत असताना बाईंनी विचारलं होतं, साक्षी आली आहे का? मी म्हटलं, "हाय बाई." त्यांनी हातावर पट्टी ओढली. आहे म्हण, आहे. तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडातून गेला तो गेलाच. आणि स्क्रीनवर दिसला, तेव्हा मला तो इंग्रजी वाटला.

"दार वाजवायला बहुतेक आकारामच जायचा," काका म्हणाले. "त्याच्या त्या एम-एट्टी फटफटीवरनं. पार कराडापत्तूर. काठीनं दोनदा ठोकायचं, आन् इचारायचं, हाय का? आतनं हाय आलं की माघारी. पानीसुदिक घ्यायचा न्हाई. घरी जाऊन लिवायचा, अमका हाय, तमका हाय."

"मग शनिवारी त्यांच्याकडे कोण गेलं?"

"कोन जानार? मीच सगळ्यांस्नी सांगितलं व्हतं, साइट बदलतीया, दोन दिस गडबड हुईल, थांबा म्हनून."

त्यांनी फोन ठेवला.

मी यादीसमोर बसून राहिले. दहा वाजले. दहा चार. दहा आठ… हाय येतच होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, लिहितायत ना, म्हणजे आहेत. पडले असतील, पाय मोडला असेल, पण आहेत.

रहिमतपूरजवळ त्यांचं गाव. काकांच्या फोनवरून शेजारच्या साळूबाईंनी हाका मारल्या, मग माणसं गोळा करून कडी तोडली. अकरा वीसला.

वेळ मला नेमकी माहीत आहे, कारण अकरा वीसला यादीत शेवटची ओळ आली. पहिल्यांदाच वेगळा शब्द.

न्हाई.

त्याखाली सॉफ्टवेअरचं उत्तर. मजकूर फार लहान आहे.

दुपारी काकांचा फोन आला. आकारामअण्णा अंथरुणातच गेले होते. डॉक्टर म्हणाले, शनिवारी पहाटेच, चारपाचच्या सुमाराला. अंघोळीच्या पाण्याचा बंबही पेटवलेला नव्हता.

"आणि मोबाइल?" मी विचारलं.

"उशाखाली. बंद व्हता."

"कधीपासून?"

"कवापास्नं ते काय म्हाईत, पोरी."

दहावं-तेरावं झालं. पुण्याहून त्यांचा मुलगा प्रशांत आला होता, त्याने तो मोबाइल चार्ज केला. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला बॅटरी संपून तो बंद पडला होता. त्यानंतर पुन्हा चालू झालेला नव्हता. असं तो म्हणाला. मी स्वतः पाहिलेलं नाही.

आता माझी गोची समजून घ्या.

डॉक्टरांची वेळ खरी असेल, तर मी सुटले. माणूस आधीच गेला होता, माझ्या चुकीने काही बिघडलं नाही. पण मग दोन दिवस ते कोण लिहीत होतं?

आणि डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल, तर… एक माणूस दोन दिवस सांगत होता, मी आहे, मी आहे. आणि मी केलेल्या यंत्राने त्याला दर चार मिनिटांनी सांगितलं, फार लहान आहे.

मी रोज देवाजवळ हात जोडून म्हणते, ते भूतच असू दे. असं मागणारी मी पहिलीच असेन.

अण्णा सापडले त्याच आठवड्यात मी वीस अक्षरांचा नियम काढून टाकला. जुने सगळे 'हाय' परत आणले. आकारामअण्णांचं खातं बंद केलं. काकांना तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बाराला हजेरीच्या पानावर आलं…

नाईक आकाराम. हाय.

मी खातं पुन्हा तपासलं. बंदच होतं. मजकूर कुठून आला ते सांगणारा रकाना कोरा. काकांना फोन केला.

"बगितलं मी," ते म्हणाले. "सगळ्यांनी बगितलं."

"काढून टाकू?"

"नगं. हजेरी देतोय त्यो. हजर मानसाच्या नावावर काट मारत न्हाईत."

मग म्हणाले, "तू बी एकटीच ऱ्हातीस. तूबी लिवत जा."

मीही लिहू लागले. पहिल्या दिवशी 'आहे' लिहिलं, खोडलं, आणि 'हाय' लिहिलं. एवढ्या वर्षांनी. 

जुलैत मला तापाने गाठलं. तीन दिवस अंगात त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला तेव्हा घड्याळात दहा वीस झाले होते. आधीचे दोन दिवस कशीबशी दिलेली हजेरी आज राहिली होती.

मोबाइल स्वयंपाकघरात. उठावंसं वाटेना.

तेवढ्यात खाली रस्त्यावर आवाज आला. फट… फट… फट… जुनी एम-एट्टी.

बंद झाली.

मग जिन्यावर पावलं. सावकाश. एक मजला… थांबून श्वास घेतल्यासारखं. दुसरा मजला…

काकांनी कुणाला पाठवलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला होते. पट्टी होती डोळ्यावर. त्यांनी हजेरी पाहिली असणं शक्य नव्हतं.

पावलं माझ्या दाराशी थांबली.

ठक… ठक.

बोटांनी नाही. काठीने.

"हाय का?"

म्हातारा, दमलेला आवाज. त्यात भीती घालण्यासारखं काहीच नव्हतं. दिवसभरात दहा दारं वाजवायची असलेल्या माणसाचा असतो तसा.

मी पांघरूण छातीशी धरून बसले.  दार उघडायचं धाडस झालं नाही. पण उत्तर दिलं नाही तर हा जाणार नाही, हेही कळत होतं. आणि उत्तर न मिळणं म्हणजे काय, ते त्याला माझ्याइतकं कोणी शिकवलं नव्हतं.

मी आतूनच म्हणाले, "हाय."

 मग पावलं जिना उतरू लागली.

एम-एट्टी सुरू झाल्याचा आवाज मी कान देऊन ऐकत होते. तो आलाच नाही. नंतर वॉचमनला विचारलं. म्हणाला, सकाळपासून कुणीच वर गेलं न्हाई, ताई.

भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले. मोबाइल उघडला. हजेरीच्या पानावर, दहा चोवीसला, एक नवीन ओळ होती.

नाईक आकाराम. साक्षी हाय.

ती ओळ अजून तिथेच आहे. आणि तेव्हापासून मी एक दिवसही हजेरी चुकवलेली नाही.