पिंपातले पाणी

सातपुड्याच्या रानात दगड झालेले एक ताडाचे झाड पडले होते. ते उचलून नागपुरात आणायचे, एवढ्या एकाच कामासाठी १९६८ च्या मार्चमध्ये चार माणसे आणि एक ट्रक कळमेश्वरच्या रस्त्याला लागली. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक दत्तोपंत अकरा वर्षे या झाडाच्या मागावर होते आणि मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. सोबत त्यांची विद्यार्थिनी उत्तरा, प्रयोगशाळेतला सहायक गिरिधर आणि ट्रकचे मालक नत्थूजी. नत्थूजी मूळचे उमरेडचे कोष्टी. घरचे माग बंद पडले तेव्हा त्यांनी स्टिअरिंग हाती धरले. रानात पेट्रोलपंप कुठला, म्हणून डिझेलचे एक भरलेले पिंप त्यांनी नागपूरहूनच ट्रकात चढवून घेतले होते.

पाचव्या दिवशी झाड सापडले! करवंदीच्या जाळीत आडवे पडलेले, हत्तीच्या पायाएवढे जाड खोड. बोटांनी चाचपले तर सालीच्या खपल्या लागत होत्या, आणि हातोडीने ठोकले तर घंटेसारखा नाद येत होता. जवळच्या पाड्यावरचे दहा-बारा गडी बोलावून, ओंडके आणि दोर लावून ते ट्रकात चढवायला दोन दिवस गेले. त्या संध्याकाळी दत्तोपंत चक्क गाणे गुणगुणत होते. गिरिधरने शेकोटी लावायला घेतली. लाकडे ओली, पेट घेईनात. त्याने पिंपाचे बूच काढून मगभर डिझेल घेतले, लाकडांवर ओतले, आणि ज्वाळा उठताच सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

बूच लावायचे राहून गेले.

मग अवकाळी पाऊस आला, गारांसकट! सकाळी गिरिधर पिंपाजवळ गेला, तर बूच चिखलात पडलेले आणि पिंपाच्या माथ्यावर तळे साचलेले. आत किती गेले असेल? थोडेसेच, त्याने स्वतःची समजूत घातली. माथा पुसून त्याने बूच घट्ट आवळले. तेवढ्यात नत्थूजींनी हाक दिली, "गिरिधरभाऊ, दोन डबे डिझेल टाका ना टाकीत!"

सांगायची हीच वेळ होती. पण दत्तोपंत खोडाला गोणपाट गुंडाळत होते, नव्या नवरीला शालू नेसवावा तसे. आज त्यांचा चेहरा काळवंडायला नको, असे गिरिधरला वाटले. त्याने दोन डबे टाकीत ओतले.

दुपारी नदी आली. येताना कोरडी होती. आता घोटाभर पाणी वाहत होते. नत्थूजींनी खाली उतरून वाळू पायाने दाबून पाहिली आणि ट्रक पात्रात घातला. अर्धे पात्र ओलांडले, आणि इंजिन खोकले. एक आचका. दुसरा. ट्रक थांबला!

नत्थूजींनी बॉनेट उघडले, फिल्टरची वाटी सोडवली. वाटीत अर्ध्याहून जास्त पाणी होते.

"डिझेलमदी पाणी! फिल्टर चोंदला, अन् आता नळीत हवा शिरून गाडीनं एअरबी धरला."

"निघण्याआधी तपासायला काय झालं होतं?" दत्तोपंत कडाडले. "अकरा वर्षांचं काम आहे माझं या ट्रकात! एवढी साधी गोष्ट कळत नाही तुम्हाला?"

नत्थूजी मान खाली घालून हत्यारांची पेटी चाळत राहिले. "रस्त्यातल्या पंपावर भरलं ना, तिथंच घोटाळा झाला असन सर. फडक्यातून गाळून घ्याले पायजे होतं. माझीच चूक हाय."

गिरिधर दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ऐकत होता.

"सर!" उत्तरा ओरडली. तिने काठाशी रोवलेली काठी चार बोटे बुडाली होती. पाणी गढूळ झाले होते, त्यात पालापाचोळा येत होता. वर डोंगरात पाऊस पडला होता! दत्तोपंत आणि उत्तरा चाकांपुढे दगड रचायला धावले.

नत्थूजींनी सीटखालून फिल्टर काढला. नवा, एकच. मग ते ट्रकखाली शिरले आणि त्यांनी टाकीच्या बुडाचा नट सैल केला. पाण्याची धार लागली.

"भाऊ, आता हे सारंच डिझेल सोडून देतो. पंपावरचं हाय, याचा भरोसा नाही. तुम्ही पिंपातलं काढा. ते आपल्या नागपूरचं हाय, एकदम साफ!"

गिरिधर पिंपाकडे वळला. एक पाऊल टाकले आणि थांबला. पिंपातले डिझेल टाकीत पडले, तर हाही फिल्टर चोंदेल. तिसरा फिल्टर नाही. आणि पाणी चढते आहे!

"नत्थूजी, सोडू नका! नट लावा!" तो वाळूत गुडघ्यांवर पडला. "पंपाचा दोष नाही. पाणी पिंपात आहे. काल बूच मी उघडं ठेवलं होतं. सकाळी मला कळलं होतं, तरी मी ओतलं."

ट्रकखाली नत्थूजींनी धारेखाली तळहात धरला, दोन बोटे चोळून पाहिली. तळाशी बसलेले पाणी निघून गेले होते, आता निव्वळ डिझेल येत होते. त्यांनी नट आवळला.

"सकाळी सांगतलं असतं त दहा मिनिटाचं काम होतं," ते बाहेर येत म्हणाले. "काहून नाही सांगतलं गा?"

पण नत्थूजी ऐकायला थांबले नाहीत. "जेवढं उरलं तेवढ्यात पार होऊ. या, हात लावा!"

नवा फिल्टर बसला. आत अडकलेली हवा काढायला नत्थूजींनी त्याच्या माथ्यावरचा स्क्रू सैल केला आणि गिरिधरचा हात इंजिनाच्या कुशीतल्या छोट्या हातपंपावर ठेवला. "दाबा. मी थांबा म्हणेपर्यंत दाबा!"

गिरिधर दाबू लागला. खाली, वर. खाली, वर. स्क्रूपाशी नुसती फुसफुस. मग फेस. मग बुडबुडे. पाणी गुडघ्याला लागले. खांदा भरून आला, अंगठ्याचे कातडे सोलले, पण हात थांबवायची त्याची हिंमत नव्हती.

"बुडबुडे हायेत अजून. दाबा!"

खाली, वर! खाली, वर! अचानक फेस तुटला आणि अखंड, सोनेरी धार लागली.

"बस!" स्क्रू आवळला गेला. मग इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पुढच्या पंपाचा स्क्रू सैल. पुन्हा तेच. पुन्हा फेस, पुन्हा धार. नत्थूजी उडी मारून केबिनमध्ये चढले. सेल्फ घरघरला. काही नाही! बॅटरीचा आवाज खोल गेला. दुसऱ्यांदा घरघर... एक ठोका, दोन ठोके, आणि इंजिन धडधडले!

पण चाके वाळूत रुतली होती. ट्रक थरथरला आणि जागीच आणखी खाली बसला.

"वजन लय हाय सर!" नत्थूजी ओरडले.

दत्तोपंतांनी गोणपाटात गुंडाळलेल्या खोडाकडे पाहिले. पाण्याकडे पाहिले. कंबरभर पाण्यात दगड धरून उभ्या असलेल्या उत्तराकडे पाहिले.

"मागची फळी पाडा," ते म्हणाले. "दोर कापा."

"सर, नको!" उत्तराचा आवाज फाटला.

"कापा म्हणतो ना!"

मागची फळी पडली. दोर तुटले. पहारीचा नेट लावताच खोड घरंगळले आणि प्रचंड आवाज करत नदीत गेले. गढूळ पाण्याने ते गिळले. ट्रक एकदम उचलला गेल्यासारखा हलला, दगडांवर चढला, घसरला, पुन्हा चढला, आणि समोरच्या काठावर जाऊन उभा राहिला. पाठोपाठ पुराचा लोंढा आला. मघाशी ट्रक रुतला होता तिथून आख्खा बाभळीचा बुंधा गडगडत गेला.

जिवंत होते सगळे! खोड मात्र नदीत राहिले.

पिंपातले वरवरचे डिझेल नळीने काढून, दुहेरी धोतरातून गाळून नत्थूजींनी ट्रक नागपूरला आणला. वाटेत दत्तोपंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. नत्थूजींनीही त्यांच्यापुढे गिरिधरचे नाव घेतले नाही. ते त्याला शिव्यांहून जड गेले.

कॉलेजच्या आवारात हेडक्लार्क श्रीधर वाट पाहत होते. दत्तोपंत उतरले आणि म्हणाले, "यापुढं विभागाच्या कामाला हा ट्रक सांगू नका."

नत्थूजी फळीशी उभे राहून दोर गुंडाळत होते. त्यांनी ऐकले. हात तेवढा मंदावला.

"सर," गिरिधर म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "डिझेलमध्ये पाणी माझ्यामुळं गेलं. पिंपाचं बूच मी उघडं टाकलं होतं."

"नदीत कळलं तुम्हाला?"

"नाही. सकाळपासून माहीत होतं."

दत्तोपंतांनी चष्मा काढला. "मी सगळ्यांसमोर नत्थूजींना बोललो, तेव्हा तुम्ही तिथंच होतात."

"हो."

दत्तोपंत वळले. ट्रकपाशी जाऊन त्यांनी हात जोडले. "नत्थूजी, मी चुकलो."

नत्थूजी ओशाळले. "राहू द्या सर. पाणी उतरलं की पुन्हा जाऊ. एवढा भारी दगड, कुठं जाते?"

गिरिधर पुढे झाला आणि त्याने दोराचे लोंबते टोक धरले. सोललेला अंगठा झोंबत होता. नत्थूजींनी त्याच्याकडे पाहिले नाही. पण टोक त्याच्या हातून ओढूनही घेतले नाही. आपल्या बाजूने ते संथपणे दोर गुंडाळत राहिले.