दुसरी मंजुरी

आधीच सांगून ठेवतो. यात अमावस्या नाही, वडाचं झाड नाही. रात्रसुद्धा नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. अंबडला, मे महिन्यातल्या एका गुरुवारी. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, असं ऊन.

आणि ते खरं आहे. ज्याच्या बाबतीत झालं तो रामेश्वर माझा मावसभाऊ. खोटं बोलायलाही माणसाला थोडा उत्साह लागतो. रामेश्वरकडे तो दोन वर्षांपासून शिल्लक नाही.

तो परतूरला एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. ते पगाराचं काम. बिनपगारी काम वेगळं.

सोळा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना त्यानं आणि अंबडच्या ओमप्रकाशनं मिळून कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा बनवली. नाव ठेवलं तिफण. कुणीही फुकट घ्यावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. भाषेसोबत तयार सामानही दिलं, म्हणजे तारखा मोजणं, याद्या लावणं, फाइल वाचणं. आज ती कुठल्या कुठल्या देशांतल्या पाण्याच्या मीटरांत चालते.

बनवायला दोन वर्षं लागली. सांभाळणं अजून चालूच आहे.

रामेश्वरनं एकदा मोजलं होतं. वर्षात आलेले निरोप तीन हजार एकशे बारा. त्यात ‘तातडीचं आहे’ असं लिहिलेले दोन हजार. ‘धन्यवाद’ म्हणणारे एकोणीस. त्या एकोणिसातले सात ओमप्रकाशचेच.

दोघांचा एक नियम होता. कोणतीही दुरुस्ती दोघांची मंजुरी पडल्याशिवाय आत जाणार नाही. नियम यंत्रातच बसवलेला. उद्या आपल्यालाच आळस आला तर आपल्यालाही मोडता येऊ नये, असा. ‘राखणदार’ नावाची एक फाइल, आणि तिच्यात दोन नावं.

दिवाळीनंतर ओमप्रकाश गेला. अंबडच्या बसस्टँडवर छातीत कळ आली, आणि बसल्या जागी खलास. वय अडतीस.

फाइलीतून त्याचं नाव काढायलाही दोन मंजुऱ्या लागत होत्या.

दुसरी त्याचीच.

सहा महिने काहीच हललं नाही. एकशे चाळीस दुरुस्त्या तुंबल्या. आणि एप्रिलात रामेश्वरच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर पडली. जालन्याच्या डॉक्टरनं टाचणी टोचून पाहिली. कळलंच नाही त्याला.

“सहा महिने कीबोर्ड बंद,” डॉक्टर म्हणाले. “नाहीतर हात जाईल.”

हात गेला तर जिनिंगची नोकरी गेली. म्हणजे तिफण सोडणं भाग होतं. घ्यायला माणूसही तयार होतं, भोकरदनची आकांक्षा. पोरगी तीन वर्षांपासून दुरुस्त्या पाठवत होती, आणि एकदाही ‘तातडीचं’ म्हणाली नव्हती.

सोमवारी त्यानं तीन बदल टाकले. आकांक्षाचं नाव घालणे. ओमप्रकाशचं काढणे. स्वतःचं काढणे. तिन्हीवर आपली मंजुरी दिली. हे लटकणार हे त्याला माहीत होतं. पण दमलेला माणूस निदान अर्ज तरी करून ठेवतो.

मंगळवारी दुपारी अडीचला ऑफिसात त्याचा फोन वाजला.

तिसऱ्या बदलाखाली कुणीतरी शेरा लिहिला होता.

‘यादी रिकामी राहिली तर?’

नाव... ओमप्रकाश.

हा प्रश्न सोळा वर्षं ओमप्रकाश प्रत्येक दुरुस्तीला विचारायचा. नवीन पोरं वैतागायची.

त्यानं आकांक्षाला फोन लावला.

“सर, मी पण बघून राह्यले आत्ताच. कुणीतरी पासवर्ड चोरला असंल हो.”

“मंग मंजुरी पण देईल तो.”

“न्हाई देता यायची. त्याला ती छोटी किल्ली लागते ना ओमप्रकाश सरांची? बोट टेकवायची? ती कुणाजवळ आहे ते बघा आधी.”

बरोबर होतं. मंजुरी द्यायची तर बोटभर लांबीची एक किल्ली कॉम्प्युटरला लावावी लागते आणि तिच्यावर बोट टेकवावं लागतं. अशा किल्ल्या जगात दोनच. एक रामेश्वरची.

गुरुवारी तो एसटीनं अंबडला गेला.

दार ओमप्रकाशच्या बायकोनं उघडलं. दैवशाला तिचं नाव.

“या भाऊजी. लई उन्हाचे आले. लाईट पण न्हाई बघा, सकाळधरनं.”

पाणी झालं. इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं विचारलं,

“वहिनी, ओमप्रकाशचा कॉम्प्युटर कोण वापरतंय सध्या?”

“कोण वापरणार? शिमग्यालाच आल्ता माझा दीर, हरिओम. तो घेऊन गेला पुण्याला. इकून टाकला म्हणे. या, बघा की.”

तिनं आतली खोली दाखवली. टेबल होतं. टेबलावर कॉम्प्युटरच्या मापाचा एक चौकोन तेवढा उजळ राहिलेला. वायरसुद्धा नव्हती.

खिडकी बंद. पंखा बंद. गल्लीत आवाज नाही.

आणि मग...

टक.

रामेश्वरनं वळून पाहिलं.

टक... टक टक... टक.

टेबलाच्या बाजूनं. जुन्या कीबोर्डचा आवाज. स्पेसबार जरा जोरात दाबायची सवय असलेल्या माणसाचा.

त्यानं दैवशालाकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. घाबरलेली नव्हती.

“तुम्हालाही येतंय ना ऐकू?” ती म्हणाली. “बरं झालं. हरिओम म्हणे, वहिनी, डोक्यावर परिणाम झाला तुमच्या.”

“कधीपासून?”

“चौदावा झाला तेव्हापासून. रोज दोन-अडीचला. मी काही बोलत न्हाई. कामच इतकं होतं ना त्यांच्यामागं. जिते होते तेव्हा पण मधात बोललं की चिडायचे.”

रामेश्वर टेबलापासून मागं सरला.

“वहिनी... ती किल्ली कुठंय? काळी, छोटी. त्याच्याजवळ असायची.”

“ती व्हय? ती तर करदोड्यालाच बांधलेली राहायची त्यांच्या. आंघोळीला पण काढत नव्हते. शेवटी करदोडा तोडला ना, तेव्हा आमचे बिरूमामा म्हणे, फेकू का ही? मी म्हणलं, बिलकुल न्हाई. त्यांच्या कामाची चीज आहे.”

तिनं रिकाम्या टेबलाकडे पाहिलं.

“मीच ठेवली त्यांच्या मुठीत. उजव्या. तशीच गेली त्यांच्यासंगं.”

टक... टक...

मग आवाज थांबला.

रामेश्वरच्या खिशात फोन थरथरला.

‘ओमप्रकाश यांनी मंजुरी दिली.’

तीनपैकी एकाच बदलाला. ओमप्रकाशचंच नाव काढायच्या.

दोन मंजुऱ्या पडल्या. यंत्रानं पुढचं केलं. त्याच्या डोळ्यांदेखत फाइलीतली एक ओळ गेली.

“काय झालं भाऊजी?”

“काही न्हाई,” तो म्हणाला. “सुटला तो.”

दैवशाला कान देऊन उभी राहिली. बराच वेळ. टेबलाकडून काहीच आलं नाही. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा, असं ती नंतर म्हणाली, हमसून रडली.

परतीच्या एसटीत आकांक्षाचा फोन आला.

“सर, ओमप्रकाश सरांचं नाव निघालं! मग माझं कधी लागणार?”

“दोन मंजुऱ्या लागतात, आकांक्षा.”

“तुमची आहेच की.”

“दुसरी?”

आता तिलाही हिशोब कळला. राखणदारांत एकच नाव उरलं होतं, आणि नियमाला दोन लागत होते. तिचं नाव आत येणार नव्हतं. रामेश्वरचं बाहेर निघणार नव्हतं.

“नवीन नक्कल काढू सर. दुसऱ्या पत्त्यावर.”

“जगातली मीटरं जुन्याच पत्त्यावर येतात, बाई.”

घरी आल्यावर त्याची बायको रेणू चिडली. तिनं लॅपटॉप आणि त्याची ती किल्ली कपाटात घातली, कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. जगाचं पाणी मोजायला जग बसलंय म्हणाली. रामेश्वरनं जिनिंगवर रजा टाकली आणि झोपला.

पंधरा दिवस तो नुसता झोपला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रेणू दुपारची त्याच्याशेजारी शेंगा फोडत बसली होती. तिचं लक्ष गेलं.

त्याच्या उजव्या हाताची ती तीन बोटं... बधिर झालेली...

गादीवर हलत होती.

जरा थांबायची. परत हलायची. जशी काही वाचून, विचार करून.

तिनं हात दाबून धरला. हात बर्फासारखा गार. रामेश्वर जागा झाला नाही.

चार वाजता आकांक्षाचा फोन आला, रेणूच्या नंबरवर.

“ताई, सरांना सांगा ना, आराम करा म्हणून. आज पुन्हा अकरा मंजुऱ्या दिल्या त्यांनी. रोज दुपारी बसतात. आता एकशे चाळीसच्या एकशे चाळीस दुरुस्त्यांवर त्यांची मंजुरी आहे. दुसरी तर कुणाची पडणारच नाही, मग कशाला जीव काढतात?”

रेणूनं कमरेची चावी काढली. कपाट उघडलं. लॅपटॉप बंद होता. किल्ली तिनं ठेवली तिथंच, साडीच्या घडीत होती.

तिनं हे रामेश्वरला सांगितलेलं नाही. मला सांगितलं.

परवा मी परतूरला गेलो होतो. त्याला विचारलं, कसा आहेस? रजा मानवली का?

“झोप तर लागते रे दुपारी,” तो म्हणाला. “पण उठलो की जास्तच दमल्यासारखं होऊन राह्यलं.”