मागचं डावं चाक

चार चाकं, एक स्टेपनी, अठरा दिवस, एका चाकाच्याच एकशे बासष्ट नोंदी. तीन चाकांची हवा तेहतीसवर होती. मागच्या डाव्याची मात्र दर चार-पाच दिवसांनी तीसवर यायची.

नऊ दिवसांनी मला दोनशे चाळीस किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. आईला घेऊन, घाट उतरून, याच चाकावर.

टायरवाल्याकडे ही माझी चौथी खेप. पहिल्या दिवशी त्याने व्हॉल्व्हची सैल पिन आवळून दिली होती. नंतर टायर दोनदा पाण्यात बुडवला, रिंगच्या कडेला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही! फेसाळ हातानेच तो कपाळावरचे केस मागे सारायचा आणि मी... मी घाईघाईने वहीत बघायचे.

"शास्त्रज्ञबाई, आज किती?"

"एकोणतीस पूर्णांक नऊ."

"तीस म्हटलं तर पाप लागतं का?"

दुकान त्याच्या आत्याचं. ती गल्ल्यावर विणत बसली होती. सुया थांबवून म्हणाली, "अरे, किती छळशील तिला? सांगून टाक की."

"आत्या—"

"काय सांगून टाक?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "ते हवा मोजायचं गेज... दिवसातून किती वेळा लावता?"

"तीनदा. दर वेळी तीन नोंदी, मग सरासरी."

"आणि बाकीच्या चाकांना?"

"आठवड्यातून एकदा. ती चांगली आहेत ना!"

त्याने गेज व्हॉल्व्हला टेकवलं. फुस्स.

"ऐकलंत? दर वेळी एवढीशी हवा जाते. रोज नऊ वेळा."

टायर धडधाकट होता. हवा मी घालवत होते... मी!

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या खेपेला."

हा धक्का पहिल्याहून मोठा होता. "आणि गप्प बसलात? आईला दवाखान्यात नेताना माझा जीव मुठीत असायचा!"

त्याचं हसू मावळलं. "चुकलो. सांगितलं असतं तर तुम्ही... परत आला नसता. तेवढंच सुचलं."

मी गेज त्याच्या तळहातावर ठेवलं. "भरा तेहतीस. आठ दिवस हे तुमच्याकडे. मी चाकाला हात लावणार नाही. नवव्या दिवशी मला दोनशे चाळीस किलोमीटरवर नोकरीत रुजू व्हायचंय."

आठव्या दिवशी गेले तेव्हा तो दारातच उभा होता.

"तेहतीस निघाली तर तुम्ही जाणार. कमी निघाली तर मी थापाड्या. दोन्हीकडून मीच मेलो."

"दर पंधरा दिवसांनी हवा तपासावी म्हणतात," मी म्हणाले. "तिकडच्या टायरवाल्यांवर माझा भरवसा नाही."

"दोनशे चाळीस किलोमीटर... हवेसाठी?"

"हवेसाठी कोण येतंय, वेड्या?"

त्याच्या हातून व्हॉल्व्हचं टोपण घरंगळत गाडीखाली गेलं. आत्या "अगं बाई!" म्हणाली आणि तिचा टाका सुटला.

"मग... एका रविवारी तू, एका रविवारी मी?" त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"चालेल. आता मोज. एकदाच हं."

तो चाकापाशी बसला. मी शेजारी बसून त्याचं मनगट धरलं. फुस्स.

तेहतीस.