एकोणीस रथ आणि एक

सुवर्णा जगताप आल्या त्या हातात लाकडी रथ घेऊनच. १९९८ साल होतं. नाशिकमध्ये खासगी तपास करणाऱ्या यशोदाबाई थेटे त्यांचं म्हणणं ऐकत होत्या. यशोदाबाईंचे दीर गोरक्षही शेजारी होते. चहा प्यायचा आणि चुकीच्या माणसाला पकडायचं, एवढं काम ते मनापासून करत.

सुवर्णाबाईंच्या शाळामास्तर वडिलांनी वर्षानुवर्षं खपून प्राचीन इजिप्तची फौज कोरली होती. भालाईत, तिरंदाज आणि वीस रथ. प्रत्येक रथात एक सारथी, एक धनुर्धर. आता वडील नव्हते. उद्या गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं.

“हा रथ बाबांचा नाही. तळाला सही नाही. हॉलची किल्ली फक्त छायाकडे. तिनेच नक्कल ठेवून अस्सल लांबवला. संध्याकाळी तिला पोलिसांत देते.”

हॉलमध्ये यशोदाबाईंनी सगळे रथ उलटे करून पाहिले. चाकं जोडणारा आख एकोणीस रथांना अगदी मागच्या टोकाला होता. नकलेला तो मधोमध होता. रंग आणि माप मात्र तंतोतंत.

हॉल सांभाळणारी छाया म्हणाली, “खोकी चिकटपट्टी लावलेली आली, तशीच रचली. परवा सुवर्णाताईंनीच उघडली.”

मांडणी करणारा सोमनाथ ओझरच्या विमान कारखान्यातला निवृत्त फिटर. रथांचे नकाशे त्याच्याकडेच होते. “आख मागेच हवा. रथ जोरात वळला तरी कलंडत नाही,” तो म्हणाला.

फुलांचा मळा करणाऱ्या केरूच्या टेम्पोतून इंदिरानगरच्या घरून खोकी आली होती. “दोन खेपा केल्या. एका रथाचं खोकं मागं ऱ्हायलं, ते चार दिसांनी आणलं.”

“आधीपासून फुलंच का, केरूभाऊ?”

“नाय. आधी बापासंगं बैलगाड्या करायचो. आता कोन घेतो?”

गोरक्ष कुजबुजले, “वहिनी, सोमनाथच. नकाशे त्याच्याकडे.”

“म्हणूनच तो नाही, भाऊजी.” यशोदाबाईंनी सगळ्यांना बसवलं. “नकाशा असणारा आख चुकवणार नाही. छायाने नक्कल करवून घेतली असती, तर नमुन्याला अख्खा रथ दिला असता. करणाऱ्यापुढे तुकडे होते. त्यावरून रंग आणि माप जुळलं. तळाचा चुरा झाला होता, म्हणून आखाची जागा कळली नाही. बाकीची खोकी बंद, ताडून बघायची सोय नाही. मग हात सवयीने चालला. बैलगाडीचा आख मधोमध असतो, नाहीतर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. आणि चार दिवस बाहेर होतं ते एकच खोकं.”

केरूने टोपी काढली. “मुंबई नाक्यावर खोकं पडलं. मागची रिक्षा वरनं गेली. मास्तरांची आठवन ती. बाईंना सांगाया धीर झाला नाय, म्हून तसाच नवा केला.”

सुवर्णाबाई खजील झाल्या. “छाया, चुकले गं मी.”

छायाचं तिकडे लक्षच नव्हतं. “केरूमामा, मला पोलिसांनी नेलं असतं, तर बोलला असता?”

केरू म्हणाला, “ठाव नाय, पोरी.”

दिवसभर डोळे कोरडे ठेवलेली छाया तेव्हा रडली.